न दाबलेलं बटण

एक जुना प्रयोग सांगते, १९७० च्या आसपासचा, अमेरिकेतला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना खोलीत बसवून कामं दिली आणि मधूनच, कधीही, कानठळ्या बसतील असा आवाज सोडला. आवाज पण कसला, तर दोघं स्पॅनिशमध्ये बोलतायत, एक जण आर्मेनियनमध्ये, वर टाइपरायटर, कॅल्क्युलेटर, सायक्लोस्टाइल मशीन, सगळं एकावर एक, म्हणजे तेव्हाचं ऑफिसच. काही जणांना एक बटण दिलेलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच सोसला, तरी नंतर शांततेत प्रूफं तपासायला दिली तेव्हा बटणवाल्यांच्या चुका कमी, आणि न सुटणाऱ्या कोड्यांशीही ते जास्त झटत राहिले.

माझ्या आधीच्या ऑफिसात रात्री साडेनऊला, ताट वाढलेलं असताना मेसेज यायचा, "दोन मिनिटं आहेत का?" काम खरंच दोन मिनिटांचं असायचं हो, पण तो कधी येईल ते माहीत नसायचं, म्हणून फोन ताटाशेजारीच. शरीर हेच करतं, धोका कधी येईल कळत नसेल तर सतत तयारीत राहतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सोडत राहतं. थोडा वेळ ते कामाचं असतं, महिनोन्महिने चाललं की झोप आणि बीपी दोन्ही बिघडायला लागतात.

लंडनमध्ये १९८५ पासून मायकल मार्मट यांच्या टीमनं १० हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. आपल्याला वाटतं टेन्शन मोठ्या साहेबांना, पण हृदयविकार खालच्या ग्रेडमध्ये जास्त निघाला, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे स्वतःच्या कामावर स्वतःचाच ताबा नसणं.

म्हणूनच ऑफिसातलं शुक्रवारचं मेडिटेशन सेशन आणि रेझिलियन्सचा, म्हणजे ताण झेलायला शिकवणारा, वेबिनार मला पटत नाही. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, अशा कार्यक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात जवळपास काही फरक दिसला नाही. माणूस बदलायला बघतो आपण, काम तसंच ठेवून.

काम बदलून पाहिलं ते एरिन केली आणि फिलिस मोएन यांनी, एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या आयटी विभागात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले, अर्ध्यांचं जुनंच चालू, बाकीच्या टीम एकत्र बसल्या आणि कुठून काम करायचं, कधी करायचं, कुठल्या मीटिंग उडवायच्या हे त्यांनीच ठरवलं, मॅनेजरना पण माणसांची विचारपूस कशी करायची ते शिकवलं. कामाचे तास साधारण तेवढेच राहिले पण बर्नआउट, म्हणजे कामानं पार थकून जाणं, कमी झालं, नोकरी सोडून जाणारेही कमी झाले. मग कंपनीचं मर्जर झालं आणि नव्या मॅनेजमेंटनं ते सगळं बंद करून टाकलं, याचं मला खरंच फार वाईट वाटतं, कारण बटण सापडलं होतं, चालतही होतं.