डी.ओ. कॉलेजचा अर्ज कधी भरायचा? शेवटची तारीख विसरा, कागद मोजा

दरवर्षी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी आई मला बाजूला घेते. "ताई, कॉलेजची शेवटची तारीख मार्चची आहे. आम्ही नोव्हेंबरातच फॉर्म भरला, तरी मुलीला एकही मुलाखत कशी नाही?" तिळगूळ हातात असताना हे सांगणं जिवावर येतं, पण नोव्हेंबर म्हणजे उशीरच.

अमेरिकेतली ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजं, म्हणजेच डी.ओ. कॉलेजं, 'रोलिंग' पद्धतीने प्रवेश देतात. नीटसारखी सगळ्यांची एकदम यादी लागत नाही. अर्ज जसजसे पूर्ण होतात तसतसे वाचले जातात, उन्हाळा सरता सरता मुलाखती सुरू होतात आणि जागा भरत जातात. मार्चची तारीख एवढंच सांगते की दार कधी लागणार. आत किती खुर्च्या उरल्यात, ते ती सांगत नाही.

(पुण्याहून फोनवर "म्हणजे हाडवैद्य का गं?" असं विचारणाऱ्या आत्यांसाठी: नाही. अमेरिकेत डी.ओ. हा एम.डी.सारखाच पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, आणि 2020 पासून दोघांची रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागांची, मॅचही एकच आहे.)

आता वेळापत्रक. बहुतेक डी.ओ. कॉलेजांचा अर्ज 'अ‍ॅकोमास' या एकाच पोर्टलवरून जातो. टेक्सासमधल्या काही सरकारी कॉलेजांचं पोर्टल वेगळं आहे. अ‍ॅकोमास मेच्या सुरुवातीला उघडतं, ते पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या वर्गासाठी. म्हणजे ऑगस्ट 2027 ला वर्गात बसायचं तर मे 2026 ला तयार हवं. हे सव्वा वर्षाचं अंतर बऱ्याच घरांत लक्षातच येत नाही. फॉर्म, फी, 5300 अक्षरांचा निबंध हे सगळं मुलं बरोबर करतात. त्यावर मी वेळ घालवत नाही.

अडतं ते ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजने थेट पाठवायच्या विषय-ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर. भरलेले विषय आणि ग्रेड पोर्टलवाले ट्रान्स्क्रिप्टशी ताडून पाहतात. गर्दीच्या दिवसांत याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि हे आठवडे तुम्ही बटण दाबलंत त्या दिवसापासून नाही, शेवटचं ट्रान्स्क्रिप्ट पोचलं त्या दिवसापासून मोजायचे. ट्रान्स्क्रिप्ट प्रत्येक कॉलेजचं लागतं. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला तो एक कॅल्क्युलसचा कोर्स आठवतोय? त्याचंही. मी पाहिलेल्या रखडलेल्या अर्जांत हाच गुन्हेगार सगळ्यात जास्त वेळा सापडला. मूल शपथेवर सांगतं की ते क्रेडिट आता मोठ्या कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर आलंय. आलं असेल, पोर्टलला त्याचं काही नाही. त्यांना मूळ कॉलेजकडूनच, थेट, कागद हवा. ज्यांची बी.एस्सी. भारतातली आहे त्यांनी तर आदल्या वर्षीच कामाला लागावं. मार्कशीट म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट नव्हे, विद्यापीठाच्या खिडकीवर किती दिवस जातील याचा भरवसा नाही, आणि त्यानंतर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मूल्यांकन संस्थेकडून विषयवार अहवाल करून घ्यायचा असतो. शिवाय काही कॉलेजं इथली ठरावीक क्रेडिट्स मागतात, ते आधी बघा.

दुसरा कागद म्हणजे डी.ओ. डॉक्टरचं शिफारसपत्र. काही कॉलेजांत सक्तीचं, बऱ्याच ठिकाणी 'असल्यास उत्तम', आणि आपल्या घरांत ते जवळजवळ कुणाकडेच नसतं. ओळखीचे डॉक्टर भरपूर, पण सगळे एम.डी. किंवा भारतातून आलेले एम.बी.बी.एस. सख्ख्या काकांचं पत्र तर कुणी वाचतच नाही. निम्म्याहून अधिक डी.ओ. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन आणि बालरोग अशा प्राथमिक सेवेत असतात. तेव्हा आपल्याच गावातल्या दवाखान्याची पाटी नीट वाचा, नावापुढे काय लिहिलंय ते बघा आणि शॅडोइंगसाठी, म्हणजे डॉक्टरच्या मागे राहून काम बघण्यासाठी, विचारा. चार नकार येतील, पाचवा हो म्हणेल. दोन दिवस मागे उभं राहून मागितलेलं पत्र दोन ओळींचंच येतं, म्हणून हे आदल्या हिवाळ्यातच सुरू करायचं.

तिसरी अडचण एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची. परीक्षा जानेवारी ते सप्टेंबर होते, निकाल साधारण महिन्याने. एम.डी.च्या पोर्टलवर गुण आपोआप जातात. अ‍ॅकोमासला जात नाहीत, ते आपल्याला एमकॅटच्या संकेतस्थळावरून मुद्दाम पाठवावे लागतात. गुण चांगले, पत्रं चांगली, आणि फाइल दोन महिने 'एमकॅट नाही' म्हणून पडून, असं मी पाहिलंय. ईमेल यायचे, पण मुलगा ते वाचत नव्हता. एवढी साधी गोष्ट दोन्ही पोर्टलांनी सारखी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

मग नेमकं कधी? एप्रिल-मेपर्यंत एमकॅट, जूनमध्ये अर्ज, सेकंडरी निबंध (मूळ अर्जानंतर एकेक कॉलेज वेगळे मागतं ते) आले की दोन आठवड्यांत परत, आणि ऑगस्टच्या आसपास फाइल पूर्ण, ही चांगली गत. एमकॅट जूनला असेल तर एक युक्ती आहे. एकच कॉलेज निवडून अर्ज टाकून द्या, पडताळणी होऊन जाईल, आणि गुण पाहून बाकीची कॉलेजं नंतर जोडा. निबंध मात्र एकदा गेला की बदलता येत नाही. एमकॅट सप्टेंबरात देणाऱ्याची फाइल ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्ण होते. दार बंद नसतं, पण गुण जेमतेम असतील तर मी त्या मुलाला वर्षभर थांबायला सांगते. आईवडिलांना राग येतो. पण दुसऱ्यांदा अर्ज केला की 'मधल्या काळात काय बदललं?' हा प्रश्न येतोच, आणि घाईत केलेल्या पहिल्या अर्जाची फी काही परत मिळत नाही.

तारखा वाचताना आणखी एक. एखाद्या कॉलेजची तारीख 'सबमिट'ची असते, दुसऱ्याची 'कम्प्लीट'ची, तिसऱ्याची 'व्हेरिफाइड'ची. शेवटच्या प्रकारात त्या दिवसापर्यंत पडताळणीसुद्धा संपलेली हवी, म्हणजे मधले सहा आठवडे तुमच्या खिशातून गेले.

आणि एच-4 वरची, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेली मुलं. एकविसाव्या वाढदिवसाला आईवडिलांच्या व्हिसाचं छत्र संपतं, तोवर एफ-1 या विद्यार्थी व्हिसाची वगैरे सोय झालेली हवी. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे ग्रीन कार्ड असणं नव्हे. काही डी.ओ. कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना घेतात, सरकारी कर्जही त्यांनाच मिळतं. ही अट संकेतस्थळावर कुठेतरी खोल दडलेली असते. म्हणून फी भरायच्या आधी, एप्रिलमध्येच, प्रवेश कार्यालयाला मुलाचा नेमका व्हिसा सांगून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचं "शुअर, अप्लाय करा" मी दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा अर्ज परत आला.