स्ट्रिपिंग

डांबरी रस्त्यात पाणी शिरून खडीवरचे डांबराचे आवरण सुटते, त्या बिघाडाला स्ट्रिपिंग म्हणतात. पावसाळ्यात पडणाऱ्या खड्ड्यांचे हे एक प्रमुख कारण.

दगडाचा पृष्ठभाग ध्रुवीय (पाण्यासारखा, विद्युतभार असमान वाटलेला) असतो आणि डांबर बहुतांशी अध्रुवीय हायड्रोकार्बनांचे, म्हणून दगडाला डांबरापेक्षा पाणी जवळचे. कोरड्या, तापवलेल्या खडीला डांबर घट्ट धरते. पण ओल तिथवर पोहोचली की पाणी आवरणाखाली सरकते. त्यात वाहतुकीची भर पडते. चाकाखाली छिद्रांतले पाणी दाबले जाते, चाक पुढे गेले की मागे खेचले जाते.

ग्रॅनाइट, क्वार्टझाइट अशा सिलिकायुक्त दगडांवरून डांबर लवकर सुटते, चुनखडीवर टिकते. महाराष्ट्रातल्या बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के, म्हणजे ग्रॅनाइटपेक्षा कमी, त्यामुळे ताजा काळा दगड या बाबतीत बरा. मात्र कुजलेला दगड किंवा मातकट धुळीने माखलेली खडी वापरली, तर डांबर दगडाऐवजी धुळीलाच चिकटते आणि दगडाचा चांगुलपणा वाया जातो.

रोलिंगकडे, म्हणजे रोलरने थर दाबण्याकडे, सर्वांत जास्त लक्ष हवे. दाबलेल्या थरात 3 ते 5 टक्के पोकळी असेल तर पाणी सहसा आत जात नाही. 8 ते 12 टक्के राहिली तर आत जाते, पण लवकर निथळत नाही. नुकसान बहुधा तळापासून वर चढते. उखडलेला तुकडा उलटून पाहावा: वरून काळाभोर, खालच्या बाजूला खडी उघडी, करडी. अशा जागी नुसते वरून ठिगळ लावणे व्यर्थ आहे.

आयएस 6241 या भारतीय मानकाप्रमाणे डांबर लावलेली खडी 40 अंश सेल्सियसच्या पाण्यात 24 तास बुडवून किती आवरण सुटले ते डोळ्यांनी ठरवतात. स्थिर पाण्यातली ही चाचणी चाकांचा मारा दाखवत नाही. म्हणून मिश्रणाचे ओले व कोरडे नमुने फोडून त्यांच्या ताणशक्तीची तुलना करणे अधिक भरवशाचे. तिथे किमान 80 टक्के शक्ती टिकावी लागते.

उपायांत 1 ते 2 टक्के विरीचा (पाणी घालून विरवलेला) चुना जुना आणि खात्रीचा. त्यातले कॅल्शियम डांबरातल्या आम्लांशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारे क्षार बनवते. अमाइनवर्गीय द्रवही डांबरात मिसळतात. पण साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहून कडेला पाणी तुंबत असेल, तर आधी ती खाली घ्यावी आणि गटार मोकळे करावे.