१९७१चा भारत-सोव्हिएत करार लष्करी युतीचा नव्हता

'९ ऑगस्ट १९७१ला भारताने अलिप्ततावाद सोडला आणि तो रशियाच्या लष्करी गोटात गेला,' हे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्या दिवशी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातली १२ कलमं वाचायचे कष्ट कोण घेतो!

घोळ होतो तो नवव्या कलमाशी. एकावर हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला, तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करून उपाय योजायचे, असं ते म्हणतं. सैन्य धाडण्याची सक्ती कुठेच नाही. नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी युतीच्या करारातल्या पाचव्या कलमात एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानतात, तसं इथे नाही. हल्लेखोराला मदत करायची नाही, हे बंधन मात्र पक्कं.

चौथ्या कलमात तर सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेचा आदर करतो, असं स्पष्ट लिहिलंय. खाली सह्या दोन्ही देशांच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या, म्हणजे स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांच्या.