एबीएस टायर बघत नाही, दात मोजते

जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या, म्हणजे फिरायचं थांबून घसरू न देणाऱ्या, गाडीच्या एबीएस यंत्रणेला टायरवर छापलेले आकडे वाचता येत नाहीत. तिला कळतं ते एवढंच, की चाक सेकंदाला किती वेळा फिरतंय. प्रत्येक चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या भागापाशी, एक दातेरी रिंग असते. अनेक नव्या गाड्यांत तिच्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. एकेक दात समोरून गेला की शेजारचा सेन्सर एक स्पंद पाठवतो. स्पंदांवरून वेग काढायला चाकाचा परिघ लागतो, आणि तो आकडा कंट्रोल युनिटमध्ये आधीच भरून ठेवलेला असतो. टायरचा साइज बदलला की हा आकडा चुकीचा ठरतो. पण चारही चाकांसाठी सारखाच चुकतो की वेगवेगळा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आधी टायरचा आकडा उलगडू. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, आणि रिम १५ इंची म्हणजे ३८१ मिमी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरायची. एकूण व्यास ६२१.५ मिमी. त्याच रिमवर २०५/६५ चढवला तर व्यास होतो ६४७.५ मिमी, म्हणजे ४.२ टक्के जास्त. इथे पुष्कळ जण फसतात. '६५' तोच आहे म्हणजे उंचीही तीच, असं वाटतं; पण ती टक्केवारी आहे, रुंदी वाढली की उंचीही वाढते. उलट १९५/५५ आर १६ घेतला तर रिम एका इंचाने मोठी असूनही व्यास ६२०.९ मिमी भरतो, जवळपास मूळचाच. दिसायला मोठा बदल, एबीएससाठी नगण्य.

रिंगला ४८ दात आहेत असं धरू. ताशी ६० किमी वेगाला मूळ टायर सेकंदाला सुमारे ४१० स्पंद देतो, ४.२ टक्के मोठा टायर सुमारे ३९३.

एबीएसचा मुख्य हिशेब घसरणीचा, म्हणजे चाक गाडीच्या मानाने किती टक्के सावकाश फिरतंय याचा असतो. गाडी ६० ने जातेय आणि ब्रेक लागलेल्या चाकाचा वेग ५१ भरतोय, तर घसरण १५ टक्के. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण १० ते २० टक्के घसरणीला टायरची पकड सर्वांत जास्त असते. त्याच्या पलीकडे चाक लॉक होऊ लागलं की व्हॉल्व्ह त्या चाकाच्या ब्रेकचा दाब रोखतात, सोडतात, पुन्हा देतात. हेच चक्र सेकंदात अनेकदा चालतं. मात्र गाडीचा वेग मोजणारा वेगळा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो. तो अंदाज याच चार चाकांवरून बांधला जातो. म्हणून चारही टायर सारखेच ४ टक्क्यांनी मोठे असतील तर अंदाज आणि चाकाचा वेग दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी दिसतात, आणि भागाकारात चूक निघून जाते. स्पीडोमीटर मात्र कमी दाखवू लागतो, ते वेगळं.

अडचण सुरू होते मागचे आणि पुढचे टायर जुळत नाहीत तेव्हा. मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा, सांभाळते, आणि ती मागची चाकं पुढच्यांच्या तुलनेत किती मंदावली हे बघते. मागे ४ टक्क्यांनी मोठे टायर असतील तर ती चाकं ब्रेक नसतानाही सावकाश फिरतात. मग खरी ८ टक्के घसरण यंत्रणेला जवळपास १२ टक्के दिसते, मागचा दाब लवकर रोखला जातो, पुढच्या ब्रेकवर जास्त भार पडतो आणि थांबायचं अंतर वाढू शकतं. याच्या उलट प्रकार अधिक वाईट. मागे तितकेच लहान टायर असले की ती चाकं मुळातच भराभर फिरतात, त्यामुळे खरी १२ टक्के घसरण ८ च्या आसपास दिसते. मागचं चाक लॉक व्हायच्या बेताला येतं तरी यंत्रणा शांत, आणि वळणावर गाडीची शेपूट बाहेर पडते.

थोडा फरक यंत्रणेला पचतो, पचवावाच लागतो. नव्या टायरचा ८ मिमी ट्रेड (वरच्या नक्षीची खोली) झिजून १.६ वर आला तरी व्यास जवळपास २ टक्क्यांनी घटतो. सरळ रस्त्यावर ब्रेक न लावता धावताना बऱ्याच यंत्रणा असा फरक शिकून घेतात. तो मर्यादेबाहेर गेला तर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि एबीएस बंद पडते. साधे ब्रेक चालू राहतात, पण दाबाची ती बारीक राखण जाते. लहान व्यासाच्या तात्पुरत्या स्टेपनीवर ताशी ८० किमीची वेगमर्यादा छापलेली असते, त्याच्या कारणांत हेही एक आहे.

चाकाच्या वजनाचा विचार फारसा कोणी करत नाही. मोठी, जड रिम म्हणजे जास्त जडत्व: ब्रेकचा दाब सोडल्यावर चाकाला पुन्हा वेग घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि व्हॉल्व्हचं गणित हलक्या चाकाला धरून बसवलेलं असतं. व्यास बरोबर जुळवला तरी हे सुटत नाही.

छापील आकड्यांवर पूर्ण विसंबू नये, कारण एकाच साइजचे वेगवेगळ्या कंपन्यांचे टायरही थोडे कमीजास्त असतात. टायर थंड असताना दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचे नेमके पाच फेरे होऊ द्या, अंतर टेपने मोजून पाचने भागा. चारही चाकांचं असं करा. सुमारे दोन मीटर परिघात दोन सेंटीमीटरपर्यंतचा फरक, म्हणजे १ टक्का, चालून जावा. त्याहून जास्त आला तर टायर बदललेलेच बरे. एकाच ॲक्सलवर दोन साइज तर कधीच नकोत.

गाडीच्या कंट्रोल युनिटमधली माहिती वाचणारा स्कॅनर हाताशी असेल तर आणखी सोपं. सरळ रस्त्यावर ५० च्या स्थिर वेगाने जाताना शेजारी बसलेल्याने लाइव्ह डेटात चार चाकांचे वेग बघावेत. एक चाक सतत एखाद-दीड किमीने वेगळं दिसलं, तर सेन्सर बदलायच्या आधी त्या टायरची हवा आणि साइज तपासावा. काही गाड्यांत याच स्कॅनरने परिघाचा नवा आकडा भरता येतो. चाकांच्या वेगावरून हवेचा दाब ओळखणारी यंत्रणा असेल तर टायर बदलल्यावर ती रीसेट करावीच लागते, नाहीतर ती नव्या टायरलाच पंक्चर समजते.