केस कुणाचा? एका पुराव्याची पार्श्वभूमी

मुंबईत खुनाचा तपास सुरू झाला की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘नमुने कलिन्याला पाठवले आहेत.’ कलिन्याला म्हणजे सांताक्रूझ पूर्वेच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. तिथून येणाऱ्या कागदाला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आजही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. सीए म्हणजे केमिकल ॲनालायझर, रासायनिक विश्लेषक. या नावाला दीडशे वर्षं उलटून गेली आहेत. असं पद मद्रासला 1849 साली, कलकत्त्याला 1853 साली आणि मुंबईला 1870 साली निर्माण झालं, ते मुख्यतः विषप्रयोगाचे गुन्हे उलगडण्यासाठी. सोमल, धोतरा, अफू ही त्या काळची नेहमीची विषं. आयझिडोर लायन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषकही होते. 1880च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भारतातल्या परिस्थितीसाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं.

केसाचं महत्त्व समजायचं तर त्या काळची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. कोयत्यावर रक्त सापडलं आणि आरोपी म्हणाला, ‘साहेब, बोकड कापला होता,’ तर ते खोडून काढणं फार अवघड होतं. रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीने सांगणारी चाचणी जर्मनीत उलेनहूट यांनी शोधली ती 1901 साली. तोवर त्या रक्तात चिकटलेला एखादा केस रक्तापेक्षा जास्त सांगून जायचा. बोकडाचा केस आणि माणसाचा केस सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखे दिसतच नाहीत.

हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते. काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, त्यावर केस ठेवायचा, थर सुकला की चिमट्याने केस अलगद उचलायचा. केस निघून जातो, पण त्याच्या पृष्ठभागाचा ठसा मागे राहतो. माणसाच्या केसावरचे खवले कौलांसारखे एकमेकांवर चपटे बसलेले असतात. मांजरीच्या केसाचे खवले टोकदार, पाकळ्यांसारखे बाहेर झुकलेले. मग केसच ग्लिसरीनमध्ये ठेवून आरपार पाहायचा. मधोमध जाणारी नळी म्हणजे मज्जा. माणसात ती तुटक असते, कित्येकदा नसतेच आणि असली तरी केसाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून कमी. बहुतेक प्राण्यांत ती निम्म्याहून अधिक जागा व्यापते. सशाच्या केसात तर मक्याच्या कणसावर दाणे बसावेत तशा कप्प्यांच्या रांगा दिसतात. ते पाहताना मुलांच्या तोंडून जो ‘अरे!’ निघतो, तो मला दरवर्षी नवा वाटतो.

केस कोणत्या प्राण्याचा हे ओळखण्याचं ज्ञान युरोपात पद्धतशीर रचलं गेलं. पॅरिसमध्ये 1909 साली एका तरुणीचा खून झाला आणि तिच्या मुठीत काही केस सापडले. व्हिक्टर बाल्थझार यांनी ते तपासले. संशयित स्त्रीच्या केसांशी ते जुळले आणि पुढे तिने कबुलीही दिली. दुसऱ्याच वर्षी बाल्थझार आणि मार्सेल लाम्बेर यांनी माणसाच्या आणि प्राण्यांच्या केसांवर ग्रंथ काढला. 1931 साली जॉन ग्लेस्टर यांचा सस्तन प्राण्यांच्या केसांचा मोठा अभ्यास कैरोहून प्रसिद्ध झाला.

घसरगुंडी इथूनच सुरू झाली असं माझं मत आहे. ‘हा केस माणसाचा आहे’, ‘डोक्याचा आहे’, ‘उपटलेला आहे, गळलेला नाही’ हे सांगता येतं. ‘या केसाचं त्या माणसाच्या केसांशी साम्य आहे’ हेही सांगता येतं. पण ‘हा त्याच माणसाचा केस आहे’ हे निव्वळ सूक्ष्मदर्शकाच्या आधारे सांगता येत नाही. एकाच डोक्यावरचे दोन केस रंगाने, जाडीने वेगळे असतात आणि असे केस किती लोकांचे असतील याची मोजदाद कुणाकडेच नाही. बोटाच्या ठशासारखं इथे काहीच नाही. तरीही विसाव्या शतकात तज्ज्ञ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ‘साम्य’ या शब्दाला ‘ओळख’ करून टाकत राहिले.

त्याची किंमत किती, हे अमेरिकेत उघड झालं. वॉशिंग्टनमध्ये 1978 साली एका टॅक्सीचालकाचा खून झाला. चेहरा झाकायला वापरलेल्या मोज्यात 13 केस मिळाले. त्यातला एक केस सतरा वर्षांच्या एका मुलाचा आहे असं मानून खटला उभा राहिला आणि हा केस दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता एक कोटीत एक, असं सरकारी वकिलांनी ज्युरीला ऐकवलं. त्या मुलाची 28 वर्षं तुरुंगात गेली. 2012 साली डीएनए तपासणी झाली तेव्हा 13पैकी एकही केस त्याचा निघाला नाही. एक तर कुत्र्याचा होता! माणसाचा की जनावराचा, हा केसाला विचारायचा पहिला आणि सर्वांत सोपा प्रश्न. त्याचंही उत्तर तिथे चुकलं होतं. 2015 साली एफबीआयने आपल्याच जुन्या साक्षींचा आढावा जाहीर केला. केसाची साक्ष आरोपीच्या विरोधात गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257 खटल्यांत तज्ज्ञांची विधानं विज्ञानाच्या मर्यादेपलीकडे गेलेली होती.

डीएनएने चित्र बदललं, पण लोकांना वाटतं तितकं सरळ नाही. केस उपटला गेला असेल आणि मुळाशी पेशी चिकटून आल्या असतील तर त्या व्यक्तीचा डीएनए मिळू शकतो. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी तो नगण्य असतो आणि आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात. अशा वेळी हाती उरतो तो प्रामुख्याने मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांचा डीएनए. तो आईकडूनच येतो. त्यामुळे सख्खी भावंडं, मामा, मावशी आणि मावसभाऊ यांचा हा डीएनए तुमच्यासारखाच असतो. मामेभावाचा मात्र त्याच्या आईचा, म्हणजे तुमच्या मामीचा. आरोपीला वगळायला हा पुरावा भक्कम आहे. त्याच्यावर बोट रोखायला एकटा पुरत नाही.

प्राण्यांच्या केसांची कथा अधिक समाधानाची. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर 1994 साली झालेल्या एका खुनात रक्ताळलेल्या जॅकेटवर पांढरे केस मिळाले. संशयिताच्या आईवडिलांच्या घरी स्नोबॉल नावाची पांढरी मांजर होती. तिच्या डीएनएशी ते जुळले, त्या बेटावरच्या इतर मांजरांचे नमुनेही तपासले गेले आणि आरोपी दोषी ठरला. आपल्याकडे वन्यजीव गुन्ह्यांत केस फार उपयोगी पडतो. चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगूस मारला जातो. त्याच्या केसावर फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने असतात आणि जप्त ब्रशातले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की ‘हे मुंगसाचे नाहीत’ हा बनाव टिकत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 1990च्या दशकात बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासून तो काय खातो ते शोधलं गेलं; सर्वाधिक केस कुत्र्यांचे निघाले. तो काही गुन्ह्याचा तपास नव्हता, पण विद्या हीच.

कायद्यात केसाचा स्पष्ट उल्लेख यायला वेळ लागला. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 साली झालेल्या दुरुस्तीने आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत केसांचे नमुने आणि डीएनए यांचा समावेश केला. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे.

मुंबईत घटनास्थळावरचं हे काम सोपं नाही. पावसाळ्याच्या दमटपणात प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या नमुन्यावर बुरशी चढते, म्हणून केस कागदाच्या घडीत, मग लिफाफ्यात, मग लाखेच्या सीलखाली जायला हवा. त्याहून मोठी अडचण गर्दीची. सकाळच्या विरार लोकलमधून उतरलेल्या माणसाच्या शर्टावर किती अनोळखी लोकांचे केस असतील! चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहतात, शेजारी येऊन-जाऊन असतात. म्हणून संशयिताच्या डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले केस नमुन्यादाखल घेऊन काम संपत नाही. मृताचे, घरातल्या प्रत्येकाचे, पंचनाम्याच्या वेळी आत गेलेल्यांचे आणि घरात मांजर असेल तर तिचेही केस वेगवेगळ्या लिफाफ्यांत त्याच दिवशी घ्यावे लागतात.