तोडीस तोड नकोच

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा, म्हणजे ट्यूबचा) प्रीअँप, जो सिग्नल तयार करून पुढे देतो, आणि स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप जोडायचा म्हटलं की 'इम्पीडन्स मॅच होतोय का?' हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न योग्यच आहे, घोटाळा करतो तो त्यातला 'मॅच' हा शब्द. मॅच म्हणजे दोन्हीकडे सारखाच आकडा, अशी समजूत होऊन बसते. इथे आकडे सारखे आले तर काम बिघडलं समजा.

इम्पीडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. प्रीअँपच्या आउटपुटला तो असतो, तसा पॉवर अँपच्या इनपुटलाही असतो. जोडणी केली की दोघं एकाच रांगेत येतात आणि सिग्नलचं व्होल्टेज त्यांच्यात ओहमच्या प्रमाणात वाटलं जातं. दोन्हीकडे १० किलोओहम असतील तर निम्मं व्होल्टेज प्रीअँपच्या पोटातच राहतं, म्हणजे ६ डेसिबलची (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) घट. इनपुट दहापट असेल तर अकरातले दहा भाग पुढे पोचतात आणि घट १ डेसिबलच्या आत येते. म्हणून 'किमान दहापट' हा ठोकताळा.

मग सारख्या आकड्यांचं खूळ आलं कुठून? मॉरिट्झ फॉन याकोबी यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिलं की स्रोत आणि भार यांचा रोध समान असला की भाराला सर्वाधिक शक्ती मिळते. पुढे टेलिफोनच्या लांबलचक तारांमुळे ६०० ओहमची शिस्त आली. स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्ह अँपमध्येही आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो तो स्पीकरचा भार व्हॉल्व्हला सोयीचा करून घेण्यासाठी. पण प्रीअँपला पुढे शक्ती पाठवायचीच नसते, फक्त व्होल्टेजचा निरोप द्यायचा असतो. पॉवर अँपचं इनपुट चांगल्या व्होल्टमीटरसारखं हवं: वाचावं सगळं, घ्यावं जवळजवळ काहीच नाही.

ट्रान्झिस्टरच्या पॉवर अँपचं इनपुट बहुधा १० ते ४७ किलोओहमचं असतं. ट्रान्झिस्टरच्याच प्रीअँपला, ज्याचं आउटपुट काहीशे ओहमचं असतं, ते सहज पेलतं. व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. १२एएक्स७ ही लोकप्रिय ट्यूब घ्या. तिच्या प्लेटचा, म्हणजे वाढवलेला सिग्नल जिथून निघतो त्या टोकाचा, अंगचा रोध सुमारे ६२ किलोओहम. प्लेटवर १०० किलोओहमचा रेझिस्टर लावून तिथूनच आउटपुट काढलं, तर त्याचा इम्पीडन्स ३८ किलोओहमच्या आसपास येतो. समोर १० किलोओहमचा अँप आला की पुढे जातो जेमतेम पाचवा हिस्सा. व्हॉल्यूम वाढवून ही घट भरून निघेल असं वाटतं, पण ही ट्यूब मुळात मिलिअँपिअरभर प्रवाहावर चालते. भार जड झाला की गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) गळतो आणि आवाजातली विकृती वाढते.

केबलही आपला कर वसूल करते. तीही छोट्या कपॅसिटरसारखी विद्युतभार साठवते; ही क्षमता साधारण १०० पिकोफॅरड दर मीटरला धरली तर ५ मीटरचे ५०० झाले. ३८ किलोओहमच्या आउटपुटला ते लटकले, की समोरचं इनपुट कितीही मोठं असलं तरी ८ हजार हर्ट्झच्या वर आवाजाची धार बोथट होत जाते. म्हणून मला खरा इलाज वाटतो तो कॅथोड फॉलोअरचा. यात आउटपुट प्लेटऐवजी कॅथोड या ट्यूबच्या दुसऱ्या टोकावरून काढतात. हा टप्पा व्होल्टेज वाढवत नाही, पण त्याच १२एएक्स७ चं आउटपुट सहाशेएक ओहमवर आणून ठेवतो.

तरीही एक भामटा उरतोच: आउटपुटला असलेला कपॅसिटर. व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे शे-दोनशे व्होल्ट डीसी (एकाच दिशेचे, स्थिर) पॉवर अँपमध्ये शिरू नयेत म्हणून तो लागतोच. पण तो आणि समोरचं इनपुट मिळून खर्ज कापणारा फिल्टर तयार होतो. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० किलोओहमपुढे सुमारे ३.४ हर्ट्झला कापतो, त्याची कुणाला तक्रार नाही. १० किलोओहमपुढे तोच ३४ हर्ट्झला कापतो. पियानोचा सर्वात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, तो तब्बल ४ डेसिबलने दबतो. व्हॉल्व्हचा अँप काढून ट्रान्झिस्टरचा लावल्यावर 'आवाज पातळ झाला' असं वाटतं, तेव्हा दोष ट्रान्झिस्टरच्या स्वभावाला देण्याआधी हा कपॅसिटर तपासावा. एका प्रीअँपला दोन पॉवर अँप लावले असतील तर आणखीच. २० किलोओहमची दोन इनपुटं मिळून १० च होतात.

कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा केला की १० किलोओहमपुढेही कापणी ७ हर्ट्झपर्यंत खाली जाते. मोठा कपॅसिटर भरायला मात्र जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात ट्रान्झिस्टरचा अँप जागा असेल तर स्पीकरला दणका बसतो. म्हणून आधी प्रीअँप चालू करायचा, व्हॉल्व्ह तापून स्थिरावू द्यायचे, मग पॉवर अँप. बंद करताना उलटा क्रम. कपॅसिटर बदलायला पत्रा उघडणार असाल तर लक्षात ठेवा, स्विच बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

आणि माहितीपत्रकातलं '६०० ओहम' वाचून लगेच हुरळून जाऊ नका. हा आकडा बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो, जिथे ०.४७ चा कपॅसिटर जेमतेम ३४० ओहमची अडचण करतो. २० हर्ट्झला तोच कपॅसिटर १७ किलोओहमचा होऊन बसतो. विचारायचं असेल तर आउटपुट इम्पीडन्स २० हर्ट्झला किती, ते विचारा.