प्रवरपूर

विदर्भातील प्राचीन वाकाटक राजवंशाच्या नंदिवर्धन शाखेची उत्तरकालीन राजधानी. दुसऱ्या प्रवरसेनाने (सु. पाचव्या शतकाचा पूर्वार्ध) नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, सोडून ही नगरी वसवली. स्थलनिश्चिती वादग्रस्त, वर्धा जिल्ह्यातील पवनार आणि नागपूर जिल्ह्यातील मनसर ही दोन नावे मुख्यतः पुढे येतात.

मुख्य आधार ताम्रपटांचा. दानपत्र कोठून दिले, ते स्थळ आरंभीच, वंशावळीपूर्वी, पंचमी विभक्तीत येते. प्रवरसेनाच्या ११ व्या राज्यवर्षाच्या बेलोरा पटात नंदिवर्धन, तर १८ व्या वर्षाच्या चम्मक पटात प्रवरपूर आढळते. स्थलांतर या दरम्यानचे असावे. कालगणना राज्यवर्षांची असल्याने इसवी सन अंदाजानेच धरावा लागतो. पट सापडला ते गाव, दान दिलेले गाव आणि पट दिला ते स्थळ ही तिन्ही वेगळी असू शकतात. त्यांची गल्लत ही नेहमीची चूक. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता हिचा नंदिवर्धनाहून दिलेला पट आज ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. चम्मकसारखे उदाहरण विरळा: दान दिलेले चर्मांक म्हणजेच पट सापडलेले, अचलपूरजवळचे चम्मक. गावे जुळवताना चतुःसीमेतील, म्हणजे दान दिलेल्या गावाच्या चारही बाजूंची, शेजारची गावेही दिशेनुसार जुळावी लागतात. एकाच नावावर विसंबता येत नाही, कारण वऱ्हाडात तीच ग्रामनामे जागोजागी आहेत.

वाकाटक लेखांच्या संपादनात हयात वेचलेले नागपूरचे वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी पवनारचा पुरस्कार केला. नामसादृश्याखेरीज तेथे सापडलेल्या रामकथेच्या शिल्पपटांवर त्यांचा भर होता; वैष्णव प्रभावतीगुप्तेशी त्यांनी ते जोडले. १९६७ च्या उत्खननात तेथे वाकाटककालीन वस्तीही आढळली. मात्र ‘पवनार’मधील ‘नार’ जुन्नरप्रमाणे ‘नगर’पासून साधावा, तर मूळ नाव ‘प्रवरनगर’ मानावे लागते, आणि ताम्रपट ‘पुर’च म्हणतात.

मनसरच्या हिडिंबा टेकडीवर १९९८ पासून झालेल्या उत्खननात विटांचे मंदिर व ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे असलेली मुद्रा मिळाली. मुद्रेवरील नाव देवाचे, नगराचे नव्हे. शिवाय नगरधनच्या इतक्या जवळ राजधानी का हलवली, हा प्रश्न उरतो. तरीही नामसादृश्यापेक्षा उत्खननातील लेखी पुरावा वजनदार, म्हणून मनसरचे मत अधिक ग्राह्य वाटते.

पवनारचे शिल्पपट धाम नदीकाठी विनोबांच्या परमधाम आश्रमात आहेत.